धोंडमाळावर काय लावायचं

॥ श्री ॥
नौपाडा, ठाणे
दि. १२ मे २०२५

चि. धाकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायला बसण्याचं कारण एकच. तू फोनवर सगळ्याला हो म्हणतोस. नेपिअर गवत लावू नकोस म्हटलं, तू हो म्हणालास. परवा तुझ्या सूरजचा डोंबिवलीहून फोन आला तेव्हा कळलं की नेपिअरच्या कांड्यांची गोण अंगणात येऊन पडली आहे. सुबाभूळ नको म्हटलं, त्यालाही हो म्हणालास, आणि दर्शना सांगते की तिच्या कणीक मळायच्या परातीत तू सुबाभळीचं बी भिजत घातलं आहेस. साठीच्या पुढे गेलास, बायकोची परात तरी सोड. तर यापुढे या विषयावर फोन बंद. मी लिहीन, तू वाचशील आणि उत्तर लिहून धाडशील. कागदावर हो लिहायचं तर माणूस जरा थांबतो.

प्रश्न काय आहे ते आधी नीट मांडते, कारण तुमच्या घरात तो प्रत्येक जण वेगळा सांगतो. धोंडमाळ आपल्या दोघा भावंडांच्या नावावर आहे. त्यावर नुसती कुसळी माजली आहे. तिची टोकं गुरांच्या जिभेत आणि माणसांच्या कपड्यांत रुततात, पोटात काही जात नाही. म्हणून तुझ्या गाईंना बारा महिने विकतचा पेंढा लागतो. सूरजचं म्हणणं, गाई काढून टाकाव्या, माळ शेजारच्या लग्नाच्या लॉनवाल्याला गाड्या उभ्या करायला द्यावा, आणि तुम्ही दोघांनी डोंबिवलीला त्याच्या चौथ्या मजल्यावर राहायला यावं. त्यासाठी माझी सही लागते. मी त्याला सांगितलं आहे की वसुबारसेपर्यंत माळावर गुरांच्या तोंडी लागेल असं गवत दिसलं तर सही मिळणार नाही. नाही दिसलं, तर त्याच दिवशी मिळेल. दिलेला शब्द मी फिरवत नाही, हे तुला माहीत आहे.

मुलगा वाईट नाही. तुझी कंबर त्याला दिसते. पण चौथ्या मजल्यावर तुझं काय होतं तेही मी पाहिलं आहे. मागच्या गणपतीत तिथे राहिलास, तर सोसायटीच्या वॉचमनकडे विळा मागत होतास, खालची हिरवळ वाया जाते म्हणून.

आता काय लावायचं ते. नेपिअरला बारमाही पाणी लागतं, आणि आपली विहीर खाली खाचरांपाशी. माळावर दिवाळीनंतर जिभेला लावायला पाणी नसतं. सुबाभूळ गाईंनी जास्त खाल्ली की शेपटीचे केस झडतात, आणि एकदा तिचं बी सुटलं की माळ राहू दे, आख्खी आंबिवली सुबाभळीची होईल. कुंपणाला शेवरी लाव, तेवढी पुरे.

कुसळी एवढी कुठून आली याचा कधी विचार केलास का? आपणच आणली. आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या वेळेपासूनची आपली रीत अशी की चांगलं गवत फुलोऱ्यावर आलं की कापून तबेल्यांना घालायचं, आणि कुसळीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती उभी सोडायची. चांगल्याला बी धरू दिलं नाही, वाईटाला दर वर्षी दिलं. इतकी वर्षं हातात विळा घेऊन आपण कुसळीचीच निवड करत आलो.

मला माळावर तीन जाती हव्यात. खालच्या अंगाला मारवेल. गाई तो आवडीने खातात, आणि पेरापेराला मुळं सोडून तो माती धरून ठेवतो. वरच्या मुरमाड भागात पवना. दोघांच्या मधून स्टायलो, तो शेंगवर्गातला, म्हणजे जमिनीला खत आणि चाऱ्याला कस. बी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून मिळवलं आहे, वेगळं पाठवते. शेणमातीत घोळवून त्याच्या गोळ्या कर आणि पाऊस बसला की माळावर काठीने रेघा ओढून त्यांत टाक. नुसतं भिरकावू नकोस, कुसासारखं हलकं असतं, वाऱ्यावर शहाडला जाईल.

दर्शनाला आशीर्वाद सांग. परातीबद्दल मीच तिची माफी मागते, तू मागितली नसशीलच. लोभ आहे की नाही ते उत्तर वेळेवर आलं की समजेन.

तुझी ताई,
शांता


आंबिवली
ता. २६ मे २०२५

ती. ताईस,
धाकूचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, बीही पोचलं. उशीर झाला कारण चष्मा लावूनही अक्षरं एकमेकांवर चढतात. डोळ्यात पडदा आलाय असं सगळेच बोलतात. परवा मी चांदीच्या कासेला म्हणून हात घातला तर ती तिची कालवड निघाली. दोघींनी माझा अपमान केला.

नेपिअरचं तू लिहिलंस, पण आता ते राहिलंच नाही. गोण अंगणात होती ती गाईंनी फाडून खाल्ली. सुबाभूळ दर्शनाने उकिरड्यावर ओतली. त्यामुळे तुझ्या मनासारखं झालेलं आहे, माझा हात न लागता.

गोळ्यांचं मात्र मला पटत नाही. मी इथे हो लिहीत नाही हे बघून घे. आपला माळ उताराचा. आपल्याकडचा पाऊस तुला नौपाड्याच्या खिडकीतून दिसतो, मला पाठीवर लागतो. पहिल्या झोडीला तुझ्या गोळ्या घसरून नाल्यात जातील. राहतील त्या मुंग्या नेतील. मी बोललो, भाताचं करतो तसंच करू. विहिरीपाशी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, वाफ्यात बी टाकायचं, रोप वीतभर झालं की उपटून मुठी बांधायच्या आणि माळावर ओळीत लावणी करायची. रोप जिवंत मुळासकट गेलं की पाऊस त्याला काय करतो?

वाडीत सगळे हसतात. हौसाबाई बोलली की आमचा जन्म भातातलं गवत काढण्यात गेला, आणि हा धाकू आता गवताचं रोप करून लावणार. मी तिला बोललो, लावणीला तूच ये, चहा दोनदा मिळेल.

गाईंच्या विकतच्या पेंढ्याचं तू लिहिलंस ते खरं आहे. चौथ्या मजल्याचं जास्त बोलत नाही. सूरज काळजीनेच बोलतो. पण तिथे सकाळी उठून कुठे जायचं तेच मला कळत नाही. गाई असल्या की कळतं.

तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी पत्र धाडत राहा.

तुझा,
धाकू


॥ श्री ॥
नौपाडा, ठाणे
दि. ३ जून २०२५

चि. धाकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गवताची लावणी. तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, पुढे सारा जन्म ते शिकवलं, पण गुरांच्या कुरणाला भातासारखी लावणी करणारा माणूस मला माझ्याच घरात भेटायचा होता. तुझी चूक दाखवायला मी दोन पुस्तकं काढली. चूक सापडली नाही, म्हणून राग जास्त आला. मारवेलची रोपं करून लावता येतात असं दोन्हींत छापलं आहे. तर कर.

पण माझ्या अटी आहेत. गवताचा वाफा भाताच्या वाफ्यापासून लांब हवा. तुझ्या सोयीसाठी शेजारी शेजारी करू नकोस. वाफ्यांना काठ्या रोव आणि काठीवर जातीचं नाव लिही. मला सगळं ओळखू येतं, असं म्हणू नकोस. ज्याला गाय आणि कालवड ओळखता येत नाही त्याने असं बोलू नये. आणि स्टायलोचं बी गरम पाण्यातून नुसतं काढायचं आहे, शिजवायचं नाही. दर्शनाला दाखव हे वाक्य.

डोळ्याचं मी ठरवून टाकलं आहे. घंटाळीजवळ एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तुझी दहा जुलैची तारीख घेतली. दर्शनाने बरोबर यायचं. ऑपरेशननंतर तीन आठवडे इथेच राहायचं, गोठ्याची धूळ डोळ्यात घालून घ्यायची नाही. लावणी त्याच दिवसांत येते हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते कारण सांगू नकोस. डॉक्टर तुझ्या भाताच्या आवणासाठी थांबत नाहीत. लावणीवर देखरेखीला संचिता येईल, मी तिच्याशी बोलले. तुझी सून हुशार आहे. तिचं घरून काम चालतं, आणि घर डोंबिवलीचं की आंबिवलीचं याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नाही. गाईंना रत्नदीप पाणी दाखवील, त्याचं शेत बांधाला लागूनच आहे.

येताना जुनी औषधाची चिठ्ठी आण. बाकी माया भेटल्यावर.

शांता


आंबिवली
१६ जुलै २०२५

ती. आत्यांना,
संचिताचा सा. न. वि. वि.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं, आई फोनवर बोलल्या, फार बरं वाटलं. तुम्ही सगळं लिहूनच कळवायचं सांगितलंत म्हणून मी शाळेनंतर पहिल्यांदा पत्र लिहितेय. चुका झाल्या तर लाल पेन घेऊ नका.

लावणी काल पूर्ण झाली. मी कंपनीत दोन दिवस नेटवर्क नाही असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. हौसाबाई आणि वाडीतल्या बाकीच्या जणी सकाळीच आलेल्या. इतक्या फास्ट काम करतात की मी फोटो काढायला फोन पुसेपर्यंत त्या पुढच्या ओळीत. माळाच्या खालच्या टोकापासून वरपर्यंत सगळा भाग ओळीत लावून झाला. खूप हसत होत्या. हौसाबाईंनी मला विचारलं की तुझ्या सासऱ्याचा डोळा कापलाय की डोकं. मी म्हटलं, सध्या डोळाच.

तुमच्या अटीप्रमाणे काठ्या होत्या, पण आठवडाभराच्या पावसात त्यावरची शाई पार धुऊन गेली होती. बायकांना मात्र काठ्यांची गरज पडली नाही, त्यांनी बघताक्षणी काय उपटायचं ते ओळखलं. एक वाफा अगदी खराब झालेला, तोसुद्धा जाता जाता साफ करून दिला. मी त्यांना दोनदा नाही, तीनदा चहा केला.

सूरजला फोटो पाठवले. तो म्हणाला की चांगलं दिसतंय. चेहरा मात्र लॉनवाल्याला काय सांगू असा झाला असणार. आत्या, माळ खरंच सुंदर दिसतो आता.

बाबांना सांगा की चांदी ठीक आहे. मला लाथ मारली, पण हळू. तुमचा आशीर्वाद असाच राहू द्या.

तुमची,
संचिता


आंबिवली
ता. ४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल घरी पोचलो. डोळा उत्तम. पानाच्या शिरा दिसतात, माशीचे पाय दिसतात. घरात न जाता आधी माळावर गेलो.

ताई, माळावर भात आहे.

आपला रत्ना जातीचा भात. ओळीत, एकसारखा, वरपासून खालपर्यंत. खाचरं लावून वाफ्यात उरलेली भाताची रोपं सगळी तिथे गेलीत. तू पैसे देऊन जो डोळा करून दिलास, त्याने पहिलं हे बघितलं. मारवेलच्या आणि पवन्याच्या वाफ्यात नुसती माती आहे, हाताने सारवल्यासारखी. एक काडी नाही. स्टायलो तेवढा उरलाय कोपऱ्यात, कारण तो गवतासारखा दिसत नाही.

मला कोणावर रागवायचं ते कळत नाही. भात बघून चांदीच तेवढी खूश आहे.

तुझा,
धाकू


॥ श्री ॥
नौपाडा, ठाणे
दि. ८ ऑगस्ट २०२५

चि. सूरज यास,
आशीर्वाद. वि. वि.

सरळ विचारते. माळावर भात लावला गेला आणि गवताचा वाफा साफ झाला, यात तुझा हात आहे का? ज्या दिवशी तुझे आईवडील दोघेही माझ्याकडे होते नेमक्या त्या दिवशी, तुझ्या बायकोच्या देखरेखीखाली, नको होतं ते लावलं गेलं आणि हवं होतं ते उपटलं गेलं. माळ भकास दिसला तर फायदा कोणाचा, हे पहिलीतल्या पोराला कळतं. तुझा बाप घरी पोचल्यापासून गोठ्यात बसून आहे, जेवायला हाक मारली तर उठतो, परत तिथेच जातो.

तुला माळ द्यायचा असेल तर माझ्या तोंडावर भांड. तू सातवीत असताना वहीची पानं फाडून मी फाडली नाहीत म्हणायचास, तेव्हा मी तुला दोन ठेवून दिल्या होत्या. आता तुझ्या डोक्यापर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून लिहिते.

माझा शब्द कायम आहे. वसुबारसेला माळावर गवत नसेल, आणि ते नसणारच, तर सही मिळेल. पण आधी मला खरं उत्तर हवं. लोभाचं त्यानंतर बघू.

शांताआत्या


डोंबिवली पूर्व
१५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यांना,
संचिताचा सा. न. वि. वि.

तुमचं सूरजला आलेलं पत्र मी वाचलं. तो उत्तर लिहायला बसला होता, पण त्याने पहिल्याच ओळीत तुम्हाला वकील म्हटलं, म्हणून कागद मी काढून घेतला.

आत्या, सूरजचा काही संबंध नाही. तो दिवसभर कंपनीत शिफ्टला होता. चूक माझी आहे, पण नुसती माझी नाही. मी डोंबिवलीत वाढले. मला भाताचं रोप आणि गवत दोन्ही हिरवं दिसतं. तुम्ही मला देखरेखीला पाठवलंत, पण कशाकडे बघायचं ते एकदाही दाखवलं नाहीत. आणि बाबांच्या ऑपरेशनची तारीख ऐन लावणीत तुम्हीच घेतलीत. तुम्हीच म्हणता की कागदावर खरं लिहावं, म्हणून लिहितेय.

मी शनिवारी जाऊन हौसाबाईंना विचारलं. त्यांना स्वतःलाच फार वाईट वाटलंय. त्यांचं असं झालं की माळावर लावणी आहे एवढं त्यांना माहीत होतं. गवताची लावणी ही बाबांची मस्करी वाटली. दोन वाफे शेजारी शेजारी होते. हो, शेजारीच होते, बाबांनी तुमचं ऐकलं नव्हतं. एकात चांगलं भात, दुसऱ्यात नुसतं गवत. गवताचा वाफा बघून त्या म्हणाल्या, धाकूदादाला दिसत नाही, बिचाऱ्याचा वाफा तणाने खाल्ला. म्हणून मायेने तण बेणून साफ करून दिला. हौसाबाई म्हणाल्या की भाताशेजारी गवत दिसलं की हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. उपटलेलं सगळं त्यांनी पाटीत भरून विहिरीमागच्या बांधावर टाकलं, तण टाकतात तसंच.

पैसेही घेईनात त्या दिवसाचे. मी सांगितलं, लावणी एकदम सरळ ओळीत झाली होती.

सूरजला दोन ओळी लिहा. तुमचं अक्षर असलेलं पाकीट तो खिशात घेऊन फिरतोय. राग उतरला की माझ्यावरचाही उतरू द्या.

तुमची,
संचिता


आंबिवली
ता. २७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू महिनाभर पत्र धाडलं नाहीस, म्हणजे तुला बरं नाही किंवा तू चुकलीस असं तुला वाटतंय. दुसरं असेल तर बरं नाही असंच समजतो.

माळावरचा भात पिवळा पडला. उतारावर पाणी थांबत नाही तर तो तरी काय करणार. लोंबी पोचट आली. मी गाई सोडल्या, म्हटलं चारा तरी होऊ दे. दोन तोंडं मारतात आणि खाली पळतात. रोज तेच. सगळ्या जणी विहिरीमागच्या बांधावर जाऊन उभ्या राहतात आणि मान वर करत नाहीत. चांदीने तर दोनदा दावं तोडलं. रत्नदीप बोलला की दादा, तुमच्या गाई बांध चाटून बारीक करतील, मग माझं पाणी तुमच्या खाचरात आलं तर बोलायचं नाही. त्याचं बरोबर आहे. मी बांधावर जाऊन बघितलं नाही, डॉक्टरांनी निसरड्यावर चालायला मना केलंय आणि दर्शना पहाऱ्याला बसलेली असते. उद्या माणूस लावून बोरीचे काटे घालून घेतो, म्हणजे गाई जाणार नाहीत.

तसंही आता थोडे दिवस. वसुबारस जवळ आली. तू पेन घेऊन ये, मी काही बोलणार नाही. एवढंच सांग, आधी कुठली गाय काढायची. चांदीला पहिली काढली तर बाकीच्या दूध सोडतील. तिला शेवटी काढली तर मला बघवणार नाही.

गुडघ्याचं कळव. धाकट्यावर नजर असू दे.

धाकू


॥ श्री ॥
नौपाडा, ठाणे
दि. ३० सप्टेंबर २०२५

चि. धाकूस,
आशीर्वाद. वि. वि.

काटे घालू नकोस. घातले असशील तर हे पत्र हातात असतानाच काढ. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

गाई माळभर उभा भात सोडून एका बांधाकडे दावं तोडून पळतात, आणि तुला प्रश्न पडतो तो रत्नदीपच्या पाण्याचा. संचिताचं ऑगस्टमधलं पत्र मी आज पुन्हा काढलं आणि तुझ्या पत्राशेजारी ठेवलं. बायकांनी उपटलेलं तण कुठे टाकलं होतं? विहिरीमागच्या बांधावर. कधी? भर पावसात. मारवेल पेरापेराला मुळं धरतो हे तुला मे महिन्यात लिहिलं होतं. ते मीच विसरले आणि तो मेला असं धरून महिनाभर रुसून बसले. गाईंना पत्रं वाचता येत नाहीत, पण त्या रोज तिथे जाऊन तुला सांगत होत्या.

तू बांधावर जाऊ नकोस. दर्शनाला पाठव आणि सांग की कांडी उपटून पेरं बघ. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असलं आणि तुरा हाताच्या बोटांसारखा, जांभळट असला तर तो मारवेल. चांदीने तेवढं शिल्लक ठेवलं असेल तर. गाई आजपासून आठ दिवस गोठ्यात बांध. पेंढा मागव, कुरकुरू नकोस.

मी रविवारी येते. गुडघ्याला काही झालेलं नाही. तुझा दुसरा अंदाज बरोबर होता.

शांता


॥ श्री ॥
नौपाडा, ठाणे
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. सूरज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यावर घेतलेला संशय मी मागे घेते. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा ही ओळ दोनदा वाच, म्हणजे पुरेल.

रविवारी आंबिवलीला जाऊन आले. विहिरीमागचा बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत मारवेलने भरला आहे. पवना काही जगला नाही, त्याला फेकून दिलेलं सोसत नाही. गाईंनी वरून खाल्लं, पण मुळं घट्ट आहेत. मी आणि तुझ्या आईने निम्मे ठोंब मातीसकट काढले. निम्मे ठेवले, बांध रत्नदीपचाही आहे. हौसाबाई न बोलावता आली आणि तिने ठोंब जुड्या करून बांधून दिले. आता ती मारवेल अंधारातही ओळखील.

आता माझा शब्द. गवत माळावर हवं होतं. ते बांधावर आहे. बांध म्हणजे माळ नव्हे, आणि परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यापुढे लिहिलं तर मी कधी गुण दिले नाहीत. तू जिंकलास. सही केलेला कागद सोबतच्या वेगळ्या, चिकटवलेल्या पाकिटात आहे. तुझ्या बाबांना मी सांगितलं. ते हो म्हणाले. त्यांचं हो तुला ठाऊक आहे.

कागदाबरोबर मारवेलची गोणही रत्नदीपच्या टेम्पोने तुझ्याकडे पाठवते आहे. तेही तुझंच. हे ठोंब आता माळावर लावले तर जळतील. विहिरीजवळच्या वाफ्यांत लावून उन्हाळाभर पाणी द्यावं लागेल. मग जूनमध्ये एकाचे दहा होऊन माळावर जातील, आणि हे तुझ्या बाबांच्या कंबरेला झेपणारं काम नाही. कागद वर्षभर टिकतो. ठोंब ओल्या गोणपाटात आता फार तर आणखी चार दिवस. आधी काय उघडायचं ते तू ठरव. मी यात आणखी काही बोलणार नाही आणि फोन करणार नाही. तूही करू नकोस.

संचिताला सांग की तिने लिहिलेलं खरं होतं, तारखेसकट. तुझ्यावरची माया सहीवर अवलंबून नाही.

शांताआत्या


॥ श्री ॥
नौपाडा, ठाणे
दि. १७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

चि. धाकूस,
आशीर्वाद. वि. वि.

सूरज आणि संचिता आत्ताच इथून गेले. उद्या तुझ्याकडे येऊन दोघं काय सांगतील याचा भरवसा नाही, म्हणून काय दिलं-घेतलं ते लिहून ठेवते.

सूरजने मला दिलं ते: माझं पाकीट, सहीच्या कागदासकट, चिकटवलेलं तसंच. त्यावर चिखलाचा अंगठा आहे. गोण एक, रिकामी, धुतलेली. ठोंबांचं मी विचारलं नाही. त्याच्या नखांत विहिरीजवळची काळी माती होती आणि खुर्चीवर बसताना तो कंबर धरून बसला. लॉनवाल्याचा दोनदा फोन आला होता, पण हात भरलेले होते म्हणाला. पुढच्या वसुबारसेला सहीचं मला परत विचारणार आहे. विचारू दे.

मी त्यांना दिलं ते: पवन्याचं बी, नवं, एक पुडी. शेवरीचं बी, एक पुडी. कॉलेजातलं माझं भिंग, संचिताच्या हातात, कातडी पिशवीसकट. चांदीसाठी पुरणाचा गोळा, केळीच्या पानात. आणि चकल्या, स्टीलच्या डब्यात. डब्याच्या झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे. डबा परत हवा.

शांता